टीव्हीला जोडलेला लॅपटॉप

प्रिय ताई,

लॅपटॉप दुरुस्त झाला, असं म्हणायला हरकत नाही. वायरीत पाय अडकून मी तो पाडला आणि स्क्रीनचा पार चुराडा झाला. दुरुस्तीवाल्याने नव्या स्क्रीनचा आकडा सांगितला तेव्हा मी हसलेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझी ऐपत ओळखून बिचाऱ्याने एक जुनी केबल हातात ठेवली. आतलं सगळं ठणठणीत आहे, घरच्या टीव्हीला जोडा, म्हणाला. तेव्हापासून तुझी बहीण बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून भाषांतरं करते आणि मागे आरामखुर्चीत बाबा. जन्मभर कचेरीत टायपिस्ट होते ना! पहिल्याच दिवशी पेपराआडून आवाज आला, तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय. मला मजा वाटली.

ती सोमवारपर्यंत टिकली. सोमवारी मी मेल उघडली आणि ज्या नोकरीबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते, तिचं बोलावणं टीव्हीभर झळकलं. परगावी, पुढच्या महिन्यात रुजू व्हा. झाकली मूठ अशी उघडी पडली. मी बंद करेपर्यंत बाबांचं वाचून झालं होतं. एवढंच म्हणाले, "बातम्यांची वेळ झाली." तेव्हापासून एक शब्द नाही. ताट पुढे ठेवलं की जेवतात आणि उठतात. मी दोनदा विषय काढायला गेले आणि विजेच्या बिलाबद्दल बोलून परत आले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी त्यांना टाकून चालले, असंच त्यांना वाटत असणार. रागावले असते तर बरं झालं असतं. या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

होकार आज पाचपर्यंत कळवायचा आहे. हे पत्र तुला पाठवीन, पण लिहिते आहे मागच्या खुर्चीसाठी. अक्षरं मुद्दाम मोठी केली आहेत. मघापासून पेपरचं पान उलटलेलं नाही. बाबा, मला ही नोकरी हवी आहे, आणि तुम्हीही. एकटीच जाणार असते तर कधीच कळवून टाकलं असतं. तिथे दोन खोल्या बघून ठेवल्यात, उजेडाची तुमची. याल ना? समोरासमोर बोलायचा धीर मला नाही, आणि तुम्हालाही नाही. मी चहा टाकायला जाते. लॅपटॉप इथेच उघडा ठेवते.

तुझीच,
धाकटी

चहा नंतर. आधी होकार कळव. टीव्हीसाठी मोठं खोकं आण.
— बाबा