बी लाईनचा भार

सोमवार, ८ जून

सर्व्हर हॉलमध्ये आणखी सहा रॅक बसवायचे ठरले! वीज कशी वाटायची ते मी आखायचं. प्रत्येक रॅकला दोन लाईनी — ए आणि बी. एक बंद पडली की दुसरीने सगळा भार उचलायचा. म्हणून कुठलीच निम्म्यापेक्षा जास्त भरायची नाही. साहेबांना मात्र फक्त मीटर दिसतो. नवे रॅक धरून साठ-साठ टक्के, म्हणजे चाळीस रिकामेच की, म्हणाले. कपाळ माझं!

मंगळवार, ९ जून

पुन्हा सांगून पाहिलं. साहेबांनी कानाआड केलं.

गुरुवार, ११ जून

रॅक चालू झाले. आणि ए लाईन सोमवारपासून दुरुस्तीला — चार दिवस बंद! सगळा भार बीवर, एकशे वीस टक्के. ब्रेकर उडणार, हॉल काळोखात. हॉलच्या विजेच्या ड्युटीवर कोण? माझा धाकटा भाऊ. नुकता कुठे कायम झालाय. खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार.

शनिवार, १३ जून

धाकटा जेवायला आला होता. सगळं सांगितलं. एरवी माझी टर उडवतो, आज नीट ऐकून घेतलं. ब्रेकर केवढ्याचा आहे ते दोनदा विचारलं. बरं वाटलं — निदान एकाने तरी मनावर घेतलं.

सोमवार, १५ जून

ए बंद केली. दिवसभर जीव मुठीत. हॉल चालूच! साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्या गणितात आकड्यांपेक्षा भीती जास्त." सगळे हसले. मीही हसले.

पण मीटरवर एकशे वीसच आहेत. इतक्या भाराने केबल तापते, ती जळायच्या आत ब्रेकर उडतो. तेवढंच तर त्याचं काम. मग उडाला का नाही?

मंगळवार, १६ जून

हॉलकडे निघालेय, टॅक्सीत लिहितेय. धाकट्याचा फोन आला होता, लाडात होता अगदी. "ताई, तुझी काळजी मिटवली. रविवारीच बीला मोठा ब्रेकर टाकला. आता उडतच नाही. फरशीखालची केबल जुनीच आहे. तिथून कसलासा वास येतोय, तेवढं बघून येतो." आणि ठेवला. हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत. साहेब उचलत नाहीत.

ब्रेकरचं सगळं सांगितलं होतं मी त्याला. केबलचं सांगायचं राहिलं.