ताईच्या वतीने होकार

बुधवार, १० मे

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. बाळ तुझ्यावर गेलंय म्हणे, म्हणजे रडून रडून स्वतःचंच खरं करत असणार. फार जागरणं करू नकोस. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, पाठवते.

इकडे सगळं ठीक. तुझ्या झाडांना रोज पाणी घालते. मांजर मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

परवा नगरपालिकेची सभा झाली. मागच्या बाकावरचे आपले सभासद नेहमीसारखे पेंगत होते. चहा आला तसे जागे झाले आणि विषय न विचारताच "मंजूर!" म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

विषय समुद्राच्या भिंतीचा होता. गेल्या उधाणाला दवाखान्यात पाणी शिरलं, बाळंतिणींना जिन्यावर बसवावं लागलं, ते तू नंतर ऐकलंसच. इंजिनिअर म्हणतो, भिंत सरळच हवी. वळवली तर वळणावर फुटेल आणि पाणी पुन्हा दवाखान्यातच जाईल. सरळ घ्यायची तर आपली खालची गल्ली, तुझ्या घरासकट, भिंतीबाहेर राहते. ती घरं पाडायची आणि लोकांना टेकडीकडे घरं द्यायची, असा ठराव आहे. गल्लीतले बाकी सगळे हो म्हणाले. मासेवाल्या काकूसुद्धा, डोळे पुसत पुसत.

सभेची रीत तुला माहीत आहे. ज्याचं घर जाणार त्याने उभं राहून स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. तो बाहेरगावी असेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. एक जरी नाही म्हणाला तरी विषय बारगळतो.

ताई, मघापासून मी नुसती इकडचं तिकडचं लिहितेय. नगराध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या ताईंचं काय?" मी उठले. 

"बोलणं झालंय आमचं," मी म्हणाले. "तिचं हो आहे."

बोलणं कुठे झालं होतं? "मला इथून उचलूनच न्यावं लागेल," असंच तू म्हणाली असतीस. म्हणून तर मी फोन केला नाही.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. दारात कोणी आलं की वाटतं, तूच आलीस. दवाखान्याचं कारण खरं आहे, पण त्याच्याआड मी लपणार नाही. त्या उधाणाला तू पोटमाळ्यावरून मला हाका मारत होतीस आणि कमरेएवढ्या पाण्यातून मला पुढे येता येईना. पुन्हा तसं झालं तर मी काय करू? मला घर नको, तू हवी आहेस.

या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सभा आहे. त्यात ठराव कायम होईल. त्याआधी तू उभी राहून "मी हो म्हटलं नव्हतं" एवढंच म्हणालीस तरी तो रद्द होतो. खोटं बोलल्याबद्दल माझी सभासदाची खुर्चीही जाईल, जाऊ दे. हे पत्र नसतं लिहिलं तर तुला सगळं झाल्यावर कळलं असतं, पण ते काही माझ्याने होईना.

आलीस तर पुढच्याच रांगेत बस. मागे वळून तुला शोधायचा मला धीर होणार नाही. मला विचारलं, तर या खेपेला मी खरं तेच सांगेन.

तुझ्या तोंडचा शब्द चोरलेली,
तरी तुझीच,
धाकटी