आमच्या इतिहासाचा पेपर

८ जुलै, मंगळ.
विभागाची मीटिंग. एचओडी देशमुख सरांनी नवा अभ्यासक्रम टेबलावर सरकवला. माझा 'विमुक्त जमातींचा इतिहास' गायब. जागी भारतीय ज्ञानपरंपरा. सोमवारी अभ्यास मंडळाच्या सभेत मंजुरी. म्हणे पेपर एकांगी आहे, राजकीय आहे, तक्रार आली. कोणाची? "ते तुम्हाले कायले पाहिजे, मॅडम?" वर गोड हसू. तांड्यातांड्यात पायपीट करून मी हा पेपर उभा केला, तेव्हा हे पंख्याखाली बसून होते. मी चहा न घेता उठले. त्यांचा चहा त्यांनाच लखलाभ.

१० जुलै, गुरु.
डोकं अजून तापलेलं. बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारा बंजारा देशमुखांना चालतो, स्नेहसंमेलनात लाल घागऱ्याचा नाच चालतो. इंग्रजांनी कायदा करून आम्हाला जन्मजात चोर ठरवलं, हे शिकवलं की राजकारण. स्टाफरूममध्ये देशमुख माझ्या तोंडावर बोलले.
"मॅडम, तुम्ही शिकवून नाही राह्यल्या, भांडून राह्यल्या."
मग भांडतेच म्हटलं. बाकीचे सगळे मोबाइलात. शेपूटघाले.

१२ जुलै, शनि.
प्राचार्यांनी बोलावलं. समोर खुर्चीत कोण, तर आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. माझे सख्खे काका. पागोटं नीट बांधून आलेले. तक्रार त्यांची. देशमुखांची नाहीच.
केबिनमध्ये माझ्याकडे पाहिलंही नाही. बाहेर आल्यावर बोलले. "तुह्या तासाले मागच्या बाकावरच्या पोट्ट्यानं सपनाले चोट्टी म्हटलं. सारे हासले. पोरगी घरी बसली. तिचा बाप आता सोयरीक पाहून राह्यला."
सपना. आमच्याच तांड्यातली, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. वर्गात येईना, तर मला वाटलं तिला ताप आहे. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असणार, काही ऐकलंच नाही.
"मग पोट्ट्याले काढायचं का पेपर काढायचा, काका?"
"पोट्टा तुह्या कॉलेजचा हाये. पोरगी आपली हाये. उद्या नसाबात ये."
इतका राग आला की गाडीची किल्ली सापडेना.

१३ जुलै, रवि.
नसाब, आमची तांड्याची पंचायत, देवळापुढे बसली. मी बोलायला वर्गातल्यासारखी उभी राहिले. काका म्हणाले, "बस. इथं कोनी कोनाले शिकवत नाही." बसले मातीत.
सपनालाच विचारा म्हटलं. म्हातारे कुरकुरले, पोरीला नसाबात बोलवत नाहीत. मी अडून बसले, तेव्हा बोलावली. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, हे सारं मले आजीनं सांगतलं होतं. पन तिनं घरात सांगतलं. तुमी त्या पोट्ट्याईसमोर कायले सांगतलं?"
निकाल: मंडळाच्या सभेत मी हो म्हणायचं, पेपर सोडायचा. सोडला तर सपनाचा बाप सोयरीक थांबवेल, पोरगी शिकेल. बापानं सगळ्यांसमोर शब्द दिला. काकांनी मला एका दिवसाची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

१४ जुलै, सोम.
देशमुख सर सकाळपासून खुशीत. बातमी पोचली. "समाजाचंच म्हणणं आहे, मॅडम, आमचं काय." थोबाड फोडावंसं वाटलं. हो म्हटलं तर या माणसाचं फावतं, आणि उद्या कोणी म्हणेल असं काही घडलंच नव्हतं. नाही म्हटलं तर सपनाच्या अंगाला हळद. तिच्या जिवावर मी शूर व्हायचं?
आता स्टाफरूमच्या दारात सपना येऊन गेली. बापाला न विचारता आली. मी काय ठरवलं ते विचारलंच नाही. "आज कोनता पाठ हाये, मॅडम?" एवढंच. वर्गात बस म्हटलं.
तो पोट्टाही आलाय, खिडकीतून दिसला. आधी त्याला सगळ्यांसमोर उभा करते. तास संपला की मंडळाची सभा, तिथं हो म्हणायचं की... घंटा झाली. जाते.