शंभरचा बल्ब आणि माझी शुद्ध

मी, खाली सही करणारी शशिकला कृष्णकांत नाखवा, वय एकाहत्तर, धंदा आधी रेडिओ दुरुस्ती आणि हल्ली घरात बसणे, राहणार नववा मजला, खारघर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि कोणी डोक्यावर उभं नसताना लिहून ठेवते. डोक्यावर कोणी नाही हे खात्रीने सांगते, कारण घरातच दुसरं कोणी नाही. मुलगा शैलेश आणि सून, तिचं नाव पूर्वी, ही दोघं सकाळी ऑफिसला गेली आणि जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावून गेली. चावी शैलेशच्या खिशात आहे.

शैलेशने वकिलाकडून टाइप केलेला मसुदा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे. "आई, वाचून ठेव, रविवारी साक्षीदार बोलावतो, सही करून टाक," म्हणाला. मसुद्याची पहिली ओळ अशी आहे की मी पूर्ण शुद्धीत असून माझी स्मरणशक्ती व विचारशक्ती शाबूत आहे. ही ओळ मला फार आवडली. तेवढी मी घेतली. बाकीचं माझं मी लिहिते, कारण वकिलांना माझ्या घरातलं काही माहीत नाही.

कलम १. शुद्धीबाबत.

माझ्या शुद्धीविषयी घरात शंका आहे, म्हणून आधी त्याचा निकाल लावते.

माझा भाऊ बुधाजी परदेशी बोटीवर नोकरीला होता. त्याने अठ्ठ्याहत्तर साली एक जपानी स्टीरिओ रिसीव्हर आणला. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत, समोर चांदीसारखी पट्टी, बाजूला लाकूड, आणि वजन असं की दोघांनी उचलावा. तो त्याने आम्हाला दिला. माझे यजमान कृष्णकांत यांचं उरण नाक्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो सेट त्यांनी दुकानात मध्यभागी मांडला आणि त्यावर कोणाला चहाचा कप ठेवू दिला नाही. पुढे तो बंद पडला तो पडलाच. यजमान गेले, दुकान मिटलं, शैलेश मला इकडे घेऊन आला. येताना मी म्हटलं, भांडी नकोत, कपाट नको, हा सेट तेवढा येऊ द्या. तो इथे बाल्कनीत चादरीखाली होता.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तो उघडला. मला हे काम येतं. लग्नाआधीपासून मी ठाण्याच्या कारखान्यात रेडिओ जोडण्याच्या लाइनवर होते. आम्ही सगळ्या बायकाच होतो. पुढे संध्याकाळी दुकानात यजमानांच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. हे सांगितलं ते एवढ्यासाठी की बाल्कनीत म्हातारी उगाच स्क्रू काढत बसली होती असं कोणी समजू नये.

आता बल्बचं. बरीच वर्षं पडून असलेला सेट कधीही थेट बोर्डाला लावायचा नसतो. मध्ये शंभरचा, म्हणजे शंभर वॅटचा, बल्ब घालायचा. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असलं तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. म्हणजे मेकॅनिकला बल्ब पेटलेला नको असतो, उतरलेला हवा असतो. पनवेलच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा.

त्या दिवशी पूर्वीला ताप आला म्हणून ती दुपारीच घरी आली. तिने काय पाहिलं? सासू बाल्कनीत जमिनीवर बसलेली, भर उन्हात उघडा बल्ब लख्ख पेटलेला, आणि सासू त्याच्याकडे एकटक बघत म्हणतेय, "उतर गं बाई, उतर आता." पूर्वीने पिशवी तिथेच टाकली आणि शैलेशला फोन लावला. मी तिला समजावत होते, पण तिला हुडहुडी भरली होती आणि मला घाई होती, दोघींचंही एकमेकींना ऐकू गेलं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात मी, अशा सेटचे हमखास जातात ते आतले ट्रान्झिस्टर आधीच आणून ठेवावेत म्हणून, रिक्षाने पनवेलला गेले होते आणि फोन घरीच राहिला होता. शैलेशने तेव्हा सगळं सेक्टर पालथं घातलं. मी संध्याकाळी हातात पुडी घेऊन आले, तेव्हा तो खाली गेटपाशी रडत होता. माझ्या लेकाला मी लहानपणानंतर तेव्हाच रडताना पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

तर पनवेलची फेरी आणि बल्ब, ही दोन एकाला एक जोडली गेली आणि सोमवारी कुलूप आलं. "आई, तुझ्याच काळजीपोटी," असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. तो दुपारी न चुकता फोन करून जेवलीस का विचारतो. पण काळजीपोटी लावलेलं कुलूपही कुलूपच असतं. सासूबाईंना कोंडल्यासारखं वाटतं, असं पूर्वी तिच्या आईला फोनवर सांगत होती. वाटतं नव्हे. मला कोंडलंय.

नंतर डॉक्टर आणले. त्यांनी विचारलं, आजी, आज वार कोणता? मी म्हटलं, सकाळपासून बाहेरून कुलूप होतं म्हणजे रविवार नाही, एवढं नक्की. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

कलम २. दुरुस्तीचा तपशील, पुरावा म्हणून.

बल्ब उतरत नव्हता, म्हणजे आत शॉर्ट होतं. मी आधी फ्यूज बघितला. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! कृष्णकांतांचं काम. गिऱ्हाइकाने असं केलं तर त्याला दुकानात उभं करून लेक्चर देणारा माणूस, आणि स्वतःच्या सेटला चांदी. फ्यूज आणायचा कंटाळा. चांदी फ्यूजसारखी वेळेवर वितळत नाही, त्यामुळे एक ट्रान्झिस्टर गेला असता तिथे डाव्या बाजूची जोडी गेली आणि एक रेझिस्टन्स कोळसा झाला. मी त्यांच्या फोटोसमोर जाऊन जे बोलायचं ते बोलले. तेव्हा घरात कोणी नव्हतं हे बरं, नाहीतर दुसरा डॉक्टर आला असता. मरणोत्तर माफी या कलमान्वये देते, पण चांदीची गुंडाळी जपून ठेवली आहे. भेटल्यावर दाखवीन.

जळकी जोडी काढली आणि बल्ब उतरला. माझा जीव भांड्यात पडला. पण आणलेली नवी जोडी त्या सेटला चालणारी नव्हती, पाय वेगळे. आणि आता मी दाराच्या आत.

इथे वेणू कामी आली. वेणू ही माझ्या माहेरची, करंजाची. मासळी घेऊन या इमारतीत फिरते. आमचा व्यवहार सेफ्टी डोअरच्या जाळीतून चालतो. बोंबील आत येतात, मांदेली येतात, पापलेट येत नाही. शैलेशला पापलेट आवडतं आणि हल्ली घरात पापलेट का नसतं असं तो विचारतो. मी त्याला बोंबील वाढते.

वेणू पहिल्या दिवशी कुलूप बघून म्हणाली, "वयनी, तुमी आत आनि कुलूप भायेर? तुमी काय गुन्हा केला?"

मी म्हटलं, "बल्ब लावला."

"त्यान् काय होतं? आमच्या घरान पन हाय बल्ब."

तिला मी जुना ट्रान्झिस्टर नमुन्याला दिला. पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला ती पहाटे येतेच. तिने तो कमरेच्या बटव्यात ठेवला आणि रेडिओच्या सामानाच्या दुकानदारासमोर काढला. दुकानदार म्हणे, मावशी, याला कोलंबीचा वास येतोय. "मंग? मी कोलिन हाय," वेणू म्हणाली. "तू फकस्त दोन दे, असलेच." त्याने बरोबर दिले.

इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, कपड्यांची नव्हे, शैलेशने माळ्यावर टाकायला सांगितली होती. ती मी तांदळाच्या डब्यात ठेवली. तेवढी लबाडी कबूल आहे. दुपारी अभ्रक आणि पांढरी पेस्ट लावून जोडी बसवली, टाके घातले, परत बल्ब मध्ये घालून बघितला. पेटला, उतरला. मीटर लावून स्पीकरच्या टोकांना करंट येत नाही ना तेही बघितलं. मग बल्ब काढला आणि सेट थेट लावला. या सेटची रीत अशी की चालू केल्यावर तो लगेच बोलत नाही. आधी स्वतःच्या आत सगळं ठीक आहे का तपासतो आणि मगच आतला रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा खटका, टक करतो. टक झालं नाही तर समजावं अजून दुखणं आहे.

मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. टक झालं. डायल हिरवी झाली आणि आकाशवाणीवर कोणीतरी भाताच्या रोपांवरच्या किडीविषयी सांगत होतं. डावीकडूनही, उजवीकडूनही. मी रडले. भाताच्या किडीवर रडणारी बाई शुद्धीत आहे का असं कोणी विचारील, तर होय, पूर्ण शुद्धीत होते.

हे सगळं ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने मी इथे लिहू शकले आहे. यापेक्षा निराळा दाखला मला द्यायचा नाही.

कलम ३. स्थावर.

उरण नाक्याजवळच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर, पुढचा दुकानाचा गाळा धरून, माझ्या कारखान्याच्या पगारातून घेतलेलं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते संपूर्ण घर माझ्या पश्चात मुलगा शैलेश याला मिळावं. मी न लिहिता गेले तर मुलगी वल्लरीचा त्यात निम्मा वाटा होतो. वल्लरीला नको आहे, पण जावई उदयसिंहराव यांना हवं आहे, आणि ते मागे हटणारे गृहस्थ नाहीत. शैलेशला याच गोष्टीची धास्ती आहे, म्हणून तर मसुदा आला. त्याची धास्ती योग्य आहे. बाप आजारी असताना त्यानेच सगळं केलं. घर त्याचंच.

वल्लरीला माझ्या बांगड्या आणि शिवणाचं मशीन. फोनवर तिने मला "आई, दादाचं बरोबर आहे, तू आतच बरी," असं सांगितलं होतं. त्याचा राग आहे, पण बांगड्यांत धरत नाही.

कलम ४. जंगम.

दुरुस्त केलेला रिसीव्हर सून पूर्वी हिला. शंभरचा बल्ब, ज्या लाकडी फळीवर बसवलाय तिच्यासकट, तिलाच. पूर्वी, तुला गाणी आवडतात हे मला माहीत आहे, तू आंघोळीला गेलीस की ऐकू येतं. सेट बंद पडला तर आधी बल्ब मध्ये घाल, आणि तो लख्ख पेटला तर घाबरू नकोस. फ्यूजला चांदी लावायची नाही, कितीही कंटाळा आला तरी.

हत्यारं कोणालाच देत नाही. मला अजून लागणार आहेत.

वेणूला सेट हवा होता. पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून तिला काही नाही. ती चिडली आहे. माझ्या हयातीत सेट ऐकायला तिने कधीही यावं.

कलम ५. अंत्यविधी.

नेहमीसारखं करावं, मोठा गाजावाजा नको. एकच सांगते. त्या दिवशी हे दार सकाळपासून उघडं राहील, माणसं येतील, जातील, चपलांचा ढीग पडेल, आणि कुलपाची कोणाला आठवणही होणार नाही. तेव्हा मला त्याचा काही उपयोग नसेल. मला दार आत्ता उघडं हवं आहे. मला खाली जाऊन भाजी घ्यायची आहे. उन्हात कट्ट्यावर बसायचं आहे. आग लागली तर मी नवव्या मजल्यावर जाळीला धरून उभी राहीन, हा विचार मला रोज दुपारी येतो आणि तो मी आजवर कोणाला सांगितला नाही.

कलम ६. अंमल.

हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडण्यासाठी नाही. याची मूळ प्रत समोरच्या फ्लॅटमधल्या कीर्ती मोहिते यांच्याकडे राहील आणि त्या झेरॉक्स काढून जाळीतून आत देतील, ती आज संध्याकाळी शैलेशने टेबलावर वाचावी, पूर्वीला सोबत घेऊन.

शैलेश, बाळा, नीट वाच. मी शुद्धीत असेन तर हा कागद खरा आहे आणि घर तुझं आहे. पण मग शुद्धीतल्या माणसाला कुलपात ठेवता येत नाही, चावी माझ्या हातात दे. आणि मी शुद्धीत नसेन तर कुलूप राहू दे, पण मग हा कागद रद्दी आहे, तुझ्या वकिलाचाही रद्दी आहे, आणि उदयसिंहरावांना तसं कळवावं लागेल. घरापुरती शुद्धीत आणि दारापुरती वेडी, अशी आई मी तुला देऊ शकत नाही. काय ते तू ठरव. मी घरीच आहे.

ठिकाण: खारघर, ता. पनवेल
दिनांक: ६ मार्च २०१३, बुधवार

सही: शशिकला कृष्णकांत नाखवा

साक्षीदार १: कीर्ती सत्यजीत मोहिते, शिकवणी वर्ग, राहणार समोरचा फ्लॅट.
शशिकलाताईंनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना वार, तारीख आणि मुलांची नावं विचारली. त्यांनी सांगितली आणि वर मला माझ्या मिक्सरला काय झालंय तेही सांगितलं.

साक्षीदार २: वेणू काळूराम कोळी, राहणार करंजा, ता. उरण. तिने सांगितलं तसं कीर्ती यांनी लिहून घेतलं, सही तिची स्वतःची.
वयनीनी सई केली ती मी माज्या डोल्यानी बघितली. वयनी शुद्दीवर हायेत. कागद जालीतशी भायेर आला नि आमी सया केल्या. वयनी आत व्हत्या, आमी दोगी भायेर. चावी आमच्यातल्या कोनाकरं नवती.