बॉयलरपुरतं स्पॅनिश

नारायण पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
विजूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू उसाच्या फडात हरवलंस, म्हणून पत्र. पेठेतून मांजरीला ते सहा दिवसांनी पोचेल. तेवढ्यात मी चालत दोनदा येऊन गेले असते.

बातमी अशी, की मी पुन्हा स्पॅनिश शिकते आहे. नव्वद साली साखर कारखान्याच्या लॅबमधून माझी क्यूबाला प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. त्यासाठी आधीची दोन वर्षं मी ती भाषा शिकले होते, आणि लग्नाआधी मुलगी एकटी कुठे जात नसते असं म्हणून तू मला थांबवलंस. ते असो. आता मी निवृत्त आहे, हे जाऊन चार वर्षं झाली, मुलगा साईनाथ बंगळुरात सुखी आहे. मला मेक्सिको बघायचा आहे. अडचण एवढीच, की पस्तीस वर्षांत सगळं गंजलं आणि उरलं ते फक्त कारखान्याचं. बॉयलरचा दाब घसरतोय, चिपाड टाका, हे मी अस्खलित सांगते. प्यायला पाणी मागता येत नाही.

रोज सकाळी क्रियापदं मोठ्यानं म्हणते: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस. शेजारच्या विमलाबाई ते स्तोत्र समजून हात जोडून बसतात. परवा त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. उद्यापासून खालच्या मजल्यावरच्या दोघी येणार आहेत, एकीचा मुलगा बारावीला आहे.

राग येईलच, पण लोभ त्याच्याहून जास्त असू दे.

तुझी,
विजू


मांजरी
२४ जानेवारी २०२५

चि. विजूस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक हाय. सूनबाई श्रद्धानं मोबाईलवर मेक्सिको दाखवला. बोटानं सरकवून सरकवून तिचं बोट दुखलं, इतका लांब हाय. फिरायचंच असंल तर महाबळेश्वर काय वाईट हाय?

श्रद्धा असंबी म्हणली, की तू रोज संध्याकाळी तिकडच्या एका बाप्याशी मोबाईलवर बोलतीस. तो कोण, त्याच्या घरी कोण कोण हाय, आन् त्याला तुझ्याशी काय काम, ते सविस्तर लिही. स्तोत्राचा कागद विमलाबाईंकडनं मागून धाड. वहिनीची कंबर धरलीय.

जिवाला जप, आन् थोरल्याचं ऐकत जा.

तुझा दादा


नारायण पेठ, पुणे
७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

एउसेबियो हे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे आहेत. कोर्दोबा गावच्या कारखान्यात बॉयलरवर चाळीस वर्षं काम करून निवृत्त झाले. भाषा शिकवणाऱ्या ॲपनं आमची गाठ घालून दिली, कारण बाकी कुणाला माझं स्पॅनिश समजेना. त्यांची बायको कोन्सुएलो शेजारी विणत बसलेली असते. पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला श्रद्धा तुला त्यांच्यासमोर बसवेल. हवी तेवढी चौकशी कर.

गेल्या आठवड्यात व्हिसासाठी मुंबईला जाऊन आले. खिडकीतल्या बाई इंग्रजीत विचारत होत्या, मी हट्टानं स्पॅनिशमध्ये उत्तरं दिली. जाण्याचं कारण विचारल्यावर मात्र घाबरले आणि तोंडातून निघालं, की रस आंबायला लागला आहे, आता थांबून चालणार नाही.  बाईंनी कागद ठेवून घेतले. व्हिसा मिळाला, दादा.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघते आहे. नाही दिलास तर तसाच घेईन.

विजू


मांजरी
२० फेब्रुवारी २०२५

चि. विजूस, अ. उ. आ.

रविवारी चौकशीलाच बसलो होतो. पयला सवाल टाकला, की तुमचा हेतू काय. त्याला वाटलं, मी उसाचं इचारतोय. त्यानं उठून परसातला ऊस आणला. त्याची पेरं बघून माझ्यानं गप बसवंना. मीबी आपला ऊस आणाया श्रद्धाला फडात पिटाळलं. दीड तास तो त्याच्या भाषेत बोलला, मी माझ्या. मला ऐकू येत न्हाई, त्यामुळं अडचण आली न्हाई. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीनं तोबी बेजार हाय. उठताना दोघांचेबी डोळे ओले झाले. कशापायी, ते श्रद्धालाबी कळलं न्हाई.

माणूस चांगला हाय. तरीपण एकटी जाऊ नको. मी पासपोर्टचा फॉर्म भरलाय, संगं येतो.

आनखी एक. नव्वद साली तुला थांबवलं ते लोकांपायी नव्हं. तू परत येशील का न्हाई, याचं मला भ्या वाटलं. तवा बोललो न्हाई.

तुझा दादा


कोर्दोबा, मेक्सिको
९ मे २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझा पासपोर्ट येईपर्यंत थांबले नाही. जाताना भेटायलाही आले नाही, कारण आले असते तर थांबले असते. तुझं ते पत्र विमानात चारदा वाचलं.

मोबाईलवर सावकाश बोलणारे एउसेबियो इथे घरात फार भरभर बोलतात. पहिले दहा दिवस मी नुसती मान हलवली. त्यापायी एकाच दुपारी तीन घरी जेवले, आणि त्यांच्या नातीच्या बाळाची धर्ममाता व्हायचंही कबूल करून बसले. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे.

काल बसच्या रांगेत एक माणूस मला कोपरानं ढकलून पुढे घुसला. मी त्याला म्हटलं, की आपण अवश्य पुढे व्हा, आम्ही सगळे इथे हौसेनं उभे आहोत, आमच्या घरी बसायला खुर्च्या नाहीत. रांग हसली. तो मुकाट्यानं मागे गेला. बसमध्ये टेकल्यावर माझ्या लक्षात आलं, की एकही क्रियापद शोधावं लागलं नव्हतं. दादा, मला भाषा आली. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

परतीचं तिकीट दीड महिना पुढे ढकललं आहे. बाळाचं निमित्त आहे, मलाच राहायचं आहे. हे विचारत नाही, कळवते आहे. भिऊ नकोस, परत येणार आहे.

लोभ इथवर पोचतो, तो असाच पोचत राहू दे.

तुझी,
विजू