परवाना येईपर्यंत चहा नाही

मी, सरोजिनी जयवंत पेडणेकर, वय एकाहत्तर, निवृत्त अन्न निरीक्षक, राहणार परळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. चाळीच्या जागी मिळालेले राहते घर मुलगा हितेंद्र व मुलगी मेघना यांना समसमान. भांडायचे असल्यास दार लावून भांडावे. आमच्या मजल्यावर सगळ्यांना सगळे ऐकू जाते.

२. माझ्या पाटल्या व बँकेतील ठेव एकट्या मेघनाला. हितेंद्रने वाईट वाटून घेऊ नये. त्याच्या शिक्षणाला मी हात आखडता घेतला नव्हता. मेघना वरळी कोळीवाड्यातून सुका जवळा आणि बोंबील आणते, आमच्याच स्वयंपाकघरात चटण्या करते व अ‍ॅपवरून विकते. चव माझ्या आईची आहे, हे अभिमानाने नमूद करते. मात्र परवान्यासाठी अर्ज तिने विक्री सुरू झाल्यावर केला. "आई, स्टार्टअप असंच असतं गं. आधी मार्केट पकडायचं, परमिशन मागून येते," हे तिला पैसे लावणाऱ्यांनी शिकवले. त्या गृहस्थांना माझ्याकडून काहीही नाही, दिवसकार्याचे आमंत्रणसुद्धा नाही. वरील मिळकतीतून तिने वेगळा गाळा घ्यावा. माल धुण्याची आणि पॅकिंगची जागा त्यात निराळी असावी. परवाना हातात येण्यापूर्वी एकही बरणी बाहेर जाऊ नये.

३. माझे नाव वापरण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही. मेघनाच्या अर्जावरून घरी तपासणीला आलेले अन्न निरीक्षक विकास सावंत माझ्याच हाताखाली तयार झाले. जिथे तपासणी, तिथले पाणीही घ्यायचे नाही, हा आमचा रिवाज. मेघनाने पुढे केलेला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि विक्री थांबवण्याची नोटीस दिली.

ते गेल्यावर मेघना रडली. "तुझा एक फोन, आई. तुझंच ऐकतील ना ते?"

मी फोन केला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते, आणि मला ते फार लागते. पण दमट राहिलेला जवळा कोणाची ओळख पाहून पोटात शांत बसत नाही.

४. अर्जाचा निकाल लागलेला नाही, म्हणून मीही घरी चहा घेत नाही. काठी टेकत खाली टपरीवर जाते. "रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता कसला रिवाज?" असे मेघना विचारते. उत्तर इथे लिहिते, कारण तोंडावर सांगवत नाही. पोरी, तुझ्या हातचा चहा घेतला असता, तर मी फोनही केला असता. मी स्वतःला ओळखते.

५. माझ्या दिवसकार्याला सावंत येतील. तोवर परवाना आलेला नसेल, तर त्यांना चहाचा आग्रह करू नये. परवाना आला, की पहिला कप माझा. मी असले तर हातात द्यावा, नसले तर फोटोसमोर ठेवावा. आले भरपूर, साखर बेताची.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सरोजिनी जयवंत पेडणेकर

साक्षीदार:
सुचित्रा दळवी, शेजारीण
डॉ. राजेश आंग्रे

परळ, मुंबई
१२ जानेवारी २०२५