मुरूम लागेपर्यंत

अमडापूर

प्रिय अकरम,

दुआ. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आपा, नंतर’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. काल तू अब्बांना सांगितलंस की जालन्याचं गिऱ्हाईक ठरलंय, पुढच्या जुम्म्याला टेम्पो घेऊन येतो, खरादाचं मशीन खोलून ठेवा. अब्बा ‘हाव’ म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच हाव म्हणतात. माझं काय म्हणणं आहे, ते कोणी विचारलं नाही. तेव्हा आता बस आणि शेवटपर्यंत वाच.

शेताचं आधी सांगते. या बीटी कापसाला अळी लागतच नाही म्हणत होते ना? यंदा बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळा, चिकटलेला कापूस. दोन वेचण्या कशाबशा झाल्या. मग मी आणि शेजारच्या जनकाबाईनं पऱ्हाट्या उपटून टाकल्या. हात असे झालेत की पीठ मळताना मीठ झोंबतं. मी थकले आहे रे अकरम. शेतानं थकवलं, आणि त्यात तुझं ते लोखंडाचं धूड.

औरंगाबादच्या बंद पडलेल्या कारखान्यातून तू ते ट्रकमध्ये घालून आणलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. अब्बा मात्र दिवसभर त्याच्याभोवती फिरत होते. जन्मभर छोट्या खरादावर लाकूड फिरवून लाटणी आणि पलंगाचे पाय काढलेला माणूस तो. माणसाच्या उंचीचा खांब फिरेल असं मशीन आपल्या दारात येईल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मग तो उन्हाळ्यातला दिवस. तू कडुलिंबाचा ओंडका चढवलास, बटण दाबलंस आणि सगळं पत्र्याचं शेड खडखडायला लागलं. मशीन जागचं हललं. ओंडका सुटला तो अब्बांच्या खांद्यावर. दवाखाना झाला, आठवडा झाला, आणि तू तोंड लपवून गेलास तो गेलासच. तेव्हापासून तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस.

तुला वाटतं, ओंडका तू नीट आवळला नाहीस. तसं नाही. तू गेल्यावर जनकाबाईचा नवरा, आपले कडूबाभाऊ, सहज बघायला आले होते. मशीनखालच्या ओट्याच्या कोपऱ्याशी बसले आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. आपण ओटा घातला तो काळ्या मातीवरच, तोही पावसाळ्यात, जमीन फुगलेली असताना. उन्हाळ्यात ती भेगाळली आणि कोपरा अधांतरी राहिला. कडूबाभाऊ म्हणाले, “घराले आपण मुरूम लागेपर्यंत खंदतो, मंग मशीनले काऊन नाही खंदलं?” सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट. मशीन म्हणजे काही घर नव्हे, म्हणून आपल्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

पावसाळा कापसात गेला. पऱ्हाट्या निघाल्यावर कुदळ हातात घेतली. ट्रॅक्टरच्या साखळीनं मशीन बाजूला केलं, जुना ओटा फोडला आणि छातीइतकं खोल गेल्यावर मुरूम लागला. काढलेली माती कडूबाभाऊंनी त्यांच्या बरड वावरात नेली. खाली दगड भरले, मुरूम ठोकून घेतला, वर काँक्रीट टाकलं आणि ते चांगलं पाणी पिईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाही. वजन यावं म्हणून मशीनच्या पोकळ पायांत वाळूची पोती कोंबली. मशीन सपाट बसलं का ते पाहायला पाणसळ लावून लावून माझी मान धरली.

लाकडाचंही आपलं चुकलंच होतं. चौकोनी ओंडका तसाच कोणी चढवतो का? आधी चारही कोपरे तासून घ्यायचे. मग मशीनवर चढवून हातानं फिरवून सोडून द्यायचं. जी बाजू आपोआप खाली येते ती जड, तिथलं लाकूड काढायचं. खाली यायला कुठलीच बाजू धावेनाशी झाली, की पट्टा सगळ्यात हळू चालीवर ठेवून बटण दाबायचं, आणि आपण लाकडाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. हे सगळं अब्बा खाटेवर बसून सांगत होते. पहिल्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर त्यांनी आपली चहाची बशी त्यावर ठेवायला लावली. चहा हलला, सांडला नाही. त्यांनी तो पिऊन टाकला आणि म्हणाले, साखर कमी आहे.

आता शेगावच्या एका लॉजच्या पडवीचे सागवानी खांब चालू आहेत. दोन गेलेसुद्धा. तू म्हणशील, ओंडका लागल्यापासून ज्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नाही ते अब्बा खांब कसे काढतात? ते नाही काढत. मी काढते. ते माझ्याकडे पाठ करून बसतात, नुसता आवाज ऐकतात. पटाशी वेडीवाकडी लागली की डावा हात वर करतात, आणि मी थांबते. गावात लोक बोलतात, बोलू दे. जनकाबाई सगळ्यांना पुरून उरते.

काल तुझा फोन झाल्यावर मी त्यांना विचारलं, हाव काऊन म्हणालात? म्हणाले, “मशीन गेलं तं पोरगं घरी येईल.” त्यांना वाटतं, या मशीनपायी तू घर सोडलंस. मला रडू आलं, आणि तुझा असा राग आला की समोर असतास तर एक ठेवून दिली असती. कापसात थकायचे तेव्हा झोप लागायची नाही रे, पुढच्या वर्षाचं काय म्हणून तळमळत पडायचे. आता खांब काढून थकते आणि पडल्या पडल्या झोपते. एवढं तरी माझं राहू दे. म्हणून हे लिहिलं. जुम्म्याला ये, पण एकटा ये. टेम्पो नको, एसटीनं ये. तू दारात दिसलास तर अब्बा माझं मशीन विकणार नाहीत.

तुझीच, थकलेली आपा,
जहांआरा